नाताळ २५ तारखेला, पगार ७ तारखेला: मिरजेतल्या एका घराचा जमाखर्च

हे प्रकरण मिरजेतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाचं आहे. २०२४ च्या नाताळात या घराचे ३६,३०० रुपये खर्च झाले आणि त्यातले २५,००० सोनं तारण ठेवून उभे केलेले होते. २०२५ च्या नाताळात खर्च २२,८०० वर आला आणि एक रुपयाही उसना घ्यावा लागला नाही. मटण कमी केलं नाही, पाहुण्यांना नाही म्हटलं नाही, चर्चमधलं दान तर वाढलं. हे कसं जमलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण सांगली-मिरज पट्ट्यात डिसेंबर आला की पोटात गोळा येणारी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांना "जरा हात आखडता घ्या" एवढंच ऐकवलं जातं. तो सल्ला अपुरा आहे, आणि या घराच्या बाबतीत तर साफ चुकीचा होता. कुटुंबाच्या परवानगीनं लिहिते आहे. नावं अर्थातच देत नाही.

मी महिला बचत गटांचे हिशेब बघते. या घरातली मोठी सून, तिला इथे वहिनी म्हणू, आमच्या एका गटाची सभासद. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिनं गटाकडे कर्जाचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "सोनं सोडवणे". सोनं कशासाठी ठेवलं होतं, असं विचारल्यावर ती खाली बघून म्हणाली, "नाताळला, ताई. दरवर्षीच ठेवतो." दरवर्षी हा शब्द मला खटकला. अचानक आलेल्या आजारपणासाठी सोनं ठेवणं समजू शकतं. पण ज्या सणाची तारीख वर्षानुवर्षं ठरलेली आहे, त्याच्यासाठी दर खेपेला आजीच्या बांगड्या पतसंस्थेत का जाव्यात?

घरात आजी, थोरला मुलगा, वहिनी आणि दोन मुलं. धाकटा मुलगा, त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी पुण्यात. आजी निवृत्त परिचारिका, पेन्शन ९,००० च्या आसपास. थोरला खासगी संस्थेत लिपिक, हातात २०,५००. वहिनी ब्लाउज शिवते, त्याचे सरासरी साडेसहा हजार. सगळे मिळून महिन्याला ३६,००० रुपये. म्हणजे नाताळात पूर्ण एका महिन्याची कमाई जात होती.

खर्च जास्त की पैसा उशिरा?

आधी सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: हौस फार होते. थोरला म्हणायचा, कपड्यांवर उधळपट्टी होते. वहिनी म्हणायची, पाहुणे फार. आजी म्हणायची, आमच्या वेळी एवढं नव्हतं. मी मात्र तिघांना घरातली वही, दुकानांच्या पावत्या आणि मोबाइलवरून केलेल्या पेमेंटची यादी घेऊन बसवलं, आणि प्रत्येक खर्चापुढे तो कुठल्या तारखेला झाला ते लिहायला लावलं. रकमांपेक्षा या तारखांनीच सगळं उघड केलं. ३६,३०० पैकी जवळजवळ सगळा पैसा १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांत बाहेर पडला होता.

तो आधी का नाही पडला? कारण हातात नव्हता. मिरजेतल्या ख्रिस्ती समाजात नोकरदार घरं पूर्वीपासून बरीच. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. त्याच्या आधारानं परिचारिका, कंपाउंडर, शिक्षक, कारकून अशी पगारावर चालणारी घरं इथे वाढली. वानलेसवाडी हे नावही तिथूनच आलेलं. शेतकऱ्याच्या घरात पैसा हंगामाला येतो, पगारदाराच्या घरात महिन्याच्या सुरुवातीला. या घरात नोव्हेंबरचा पगार ७ डिसेंबरला जमा होतो. त्यातून किराणा, दूध, गॅस, मुलांची शिकवणी, आजीची औषधं भागवेपर्यंत २० तारीख उजाडते, आणि नाताळ २५ ला. सण नेमका महिन्याच्या कोरड्या टोकाला येतो आणि पुढचा पगार नवीन वर्ष उजाडल्यावर.

दिवाळीसाठी आपल्याकडे सगळी व्यवस्था लागलेली असते. बोनस दिवाळीच्या तोंडावर मिळतो, बरेच मालक पगारही आधी करतात, दुकानांच्या सवलती, हप्त्यांच्या योजना, सगळं दिवाळीच्या तारखेवर बसवलेलं. बोनसच्या नियमात दिवाळीचा उल्लेखही नाही. हिशेबाचं वर्ष संपल्यावर आठ महिन्यांच्या आत बोनस द्यायचा, म्हणजे मार्चअखेरच्या वर्षासाठी ३० नोव्हेंबरपर्यंत, आणि किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. प्रथेप्रमाणे तो दिवाळीआधी येतो, आणि ज्यांचा मोठा सण दोन महिन्यांनी आहे त्यांच्याही खात्यात तेव्हाच येतो. २०२४ च्या दिवाळीत थोरल्याला १०,५०० रुपये बोनस मिळाला होता. त्यातून नवा मोबाइल आला, उरलेले नोव्हेंबरात विरघळले. त्यात त्याची चूक मी धरत नाही. बाजारभर पाट्या लागलेल्या, शेजारीपाजारी खरेदी चाललेली, मुलं मागे लागलेली. अशा वेळी एकट्या घरानं पैसा बांधून ठेवायचा तर काहीतरी आधार लागतो.

सोनं ठेवण्याचा खरा तोटा

पतसंस्थेतून २५,००० घेतले होते, वर्षाला १२ टक्क्यांनी. जानेवारी ते ऑगस्ट, महिना सव्वातीन हजारांचा हप्ता. एकूण व्याज जेमतेम अकराशे रुपये. थोरला मला म्हणाला, "ताई, अकराशे रुपयांसाठी एवढा विचार कशाला?" त्याचं गणित बरोबर होतं. व्याज खरंच मोठं नव्हतं.

मोठं होतं ते दुसरंच. जूनमध्ये शाळा उघडली की वह्या, गणवेश, फी यांना एकदम दहा-बारा हजार लागतात. त्याच जूनमध्ये हा सव्वातीन हजारांचा हप्ता चालू. त्यामुळे आदल्या वर्षी जूनसाठी घरपोच कर्ज देणाऱ्या एका कंपनीकडून उचल घ्यावी लागली होती, सोनंतारणाच्या दुप्पट दरानं. ती फिटता फिटता दिवाळी येई, बोनसचा काही भाग तिकडेच जाई, आणि डिसेंबरात पुन्हा बांगड्या. नाताळ वर्षातून एकदा, त्याची ओढाताण मात्र बारा महिने.

आणि दुसरा तोटा घाईचा. एखादी वस्तू लागतेच आहे, वेळ नाही आणि पर्यायही नाही, असं ज्याला झालेलं असतं तो गिऱ्हाईक पडेल त्या भावाला घेतो. ही घाईची किंमत कुठल्याच पावतीवर वेगळी छापलेली नसते. म्हणून आम्ही २०२४ च्या प्रत्येक खर्चापुढे लिहिलं की हीच वस्तू वेळेत घेतली असती तर कितीला पडली असती.

प्रवासात ही घाईची किंमत सगळ्यात जास्त होती. धाकट्याची नोकरी कंत्राटी, त्यामुळे त्या तिघांची तिकिटं आजी काढून देते. नातीनं नाताळ मिरजेतच करावा हा तिचा हट्ट आहे आणि तो मला योग्य वाटतो. २०२४ मध्ये सुट्टी मंजूर झाल्यावर, म्हणजे २० डिसेंबरनंतर, पुणे-मिरज खासगी बसची तिकिटं काढली. वर्षअखेरीच्या सुट्ट्या असल्यानं कोकण-गोव्याकडे निघालेल्यांची गर्दी त्याच रस्त्यावर. एकेक तिकीट ११०० रुपयांना, जाऊन-येऊन तिघांचे ६,६०० रुपये. खासगी बसला एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही, असा राज्य सरकारचा २०१८ चा निर्णय आहे आणि जास्त घेतल्यास आरटीओकडे तक्रार करता येते. पण २४ डिसेंबरच्या रात्री पोर कडेवर घेऊन बसस्टॉपवर उभा असलेला माणूस तक्रारीच्या मागे लागत नाही.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. २४ डिसेंबरचं तिकीट २५ ऑक्टोबरला सकाळी ८ वाजता खुलं होतं. २०२५ मध्ये भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती, म्हणजे दिवाळी आटोपून दोनच दिवसांनी. वहिनीनं कॅलेंडरवर त्या चौकटीत लाल पेनानं "पुणे तिकीट" लिहून ठेवलं होतं. धाकट्यानं साहेबांकडे सुट्टीचा अर्ज ऑक्टोबरातच टाकला. येताना तिघांचं रेल्वेचं स्लीपर, परतीला एसटी, आणि एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं भाडं. रिक्षा धरून सगळा प्रवास १,९०० रुपयांत झाला. या एका बाबीत ४,७०० वाचले आणि कुणाच्या आनंदात काडीचीही कमतरता आली नाही.

कपडे

कपड्यांवर २०२४ मध्ये ११,४०० गेले होते, आठ माणसांचे. नाताळच्या सकाळी उपासनेला नवं कापड अंगावर हवं, हे या घरात ठाम आहे आणि मी ते बदलायला सुचवलं नाही. लहान मुलगा वर्षभरात एकदाच दुकानातून स्वतः शर्ट निवडतो. त्याच्याकडून तो दिवस काढून घेऊन बचत करायची नाही, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं.

पण यादी वाचताना एक गोष्ट दिसली आणि मी थबकले. स्वतः ब्लाउज शिवणाऱ्या बाईनं स्वतःचा आणि मुलीचा ड्रेस तयार विकत घेतला होता, तोही सांगलीत मारुती रोडला, २२ डिसेंबरच्या गर्दीत. का? तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, त्यातच नाताळच्या शिलाईची कामं. डिसेंबरात वहिनीच्या मशीनवर दुसऱ्यांचे ब्लाउज चढलेले असतात. रात्री अकरापर्यंत ती दुसऱ्यांचे हुक लावते आणि स्वतःसाठी तयार कपडा आणते. या बाईच्या कष्टाची किंमत घरातल्या कुणी धरलीच नव्हती, तिनं स्वतःसुद्धा.

२०२५ मध्ये आम्ही क्रम उलटा केला. दिवाळी संपल्यासंपल्या, दुकानं उरलेला माल काढत असताना, वहिनी आणि तिची जाऊ इचलकरंजीला गेल्या. सांगली-मिरजेहून हे यंत्रमागांचं गाव जवळ, शर्टाचं कापड आणि कटपीस तिथे निश्चितच स्वस्त पडतात. जाऊबाई त्यासाठी भाऊबीजेची सुट्टी जोडून आल्या होत्या. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, लग्नाची कामं अंगावर येण्याआधी, वहिनीनं घरच्या चौघींचे कपडे बेतून शिवून टाकले. आजीचा ब्लाउज सगळ्यात आधी. थोरल्या मुलीनं तुरपाई केली. मुलाचा शर्ट-पँट मात्र दुकानातून, त्याच्या पसंतीनं. एकूण ६,८००. दुसऱ्यांची कामंही सुटली नाहीत, डिसेंबरची शिलाई पूर्ण हातात आली.

फराळ, केक आणि तासगावचा बेदाणा

आपल्याकडचा नाताळ करंजी, चकली, शंकरपाळी, लाडू, चिवडा यांच्याशिवाय होत नाही, आणि शेजारच्या हिंदू-मुस्लिम घरांत ताटं जातात. दिवाळीत आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, हा नेम आजीनं आयुष्यभर पाळला आहे. २०२४ मध्ये फराळ "कमी पडायला नको" या धास्तीनं केला होता आणि जानेवारीच्या मध्यावर खवट चकल्या टाकून द्याव्या लागल्या. २०२५ मध्ये आजीनं ताटांची यादी केली: कुठल्या घरी, किती माणसं, कुणाला साखर चालत नाही. त्या यादीवरून डाळ-तांदूळ मोजून भाजणी दळली. कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गाणारी मुलं रात्री येतात त्यांच्यासाठी वेगळा डबा. तेल, साखर, रवा, मैदा हे नोव्हेंबरच्या किराण्यातच थोडं थोडं जास्त आणलं.

केकचं थोडं जास्त सांगते, कारण इथे सांगली जिल्ह्यात राहण्याचा फायदा आपण घेतच नाही. नाताळच्या केकमध्ये मनुका-बेदाणे लागतात. डिसेंबरात वाण्याकडे त्याची छोटी छोटी पाकिटं चढ्या भावानं घेतली जातात. आणि आपण राहतो कुठे? तासगाव-सांगलीचा बेदाणा देशभर जातो, सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणातून काढून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात आणि दोन-तीन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. हा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. सौद्यात भाव ठरतो तो रंगावर आणि आकारावर: हिरवा, लांब, एकसारखा दाणा महाग, काळपट, बारीक दाणा स्वस्त. केकमध्ये तर तो काळाच व्हायचा असतो. आजीच्या माहेरचे लोक तासगावकडचे. त्यांच्याकरवी एप्रिलमध्ये दोन किलो काळा बेदाणा आणला, निवडून, कोरडा करून, घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. बाहेर ठेवला तर पावसाळ्यात चिकट होतो आणि कीड लागते. बेदाणा, थोडी सुंठ-दालचिनी आणि जायफळ मिळून ७०० रुपये, तेही एप्रिलमध्ये दिलेले. नोव्हेंबरअखेर, नाताळाच्या आधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, तो संत्र्याच्या रसात भिजत घातला.

भाजायला मात्र घरचा ओव्हन नाही. जुन्या पद्धतीनं मिश्रण बेकरीत नेऊन भाजून आणायचं ठरलं. आपल्याकडे नानकटाई अशीच भाजून आणतात. बेकरीवाल्याला किलोवर भाजणावळ द्यायची. शेवटच्या आठवड्यात तिथे रांग लागते, म्हणून वहिनी १२ डिसेंबरला, पावाची सकाळची भट्टी उतरल्यावर, दुपारी गेली. ट्रेच्या काठाला चिठ्ठी चिकटवून तिथेच स्टुलावर बसून राहिली, कारण फळांचा केक मंद आचेवर लागतो आणि पावाच्या आचेत वरून करपतो. बेकरीतल्या मामांनी भट्टी थोडी निवू दिली आणि ट्रे शेवटी सरकवला. दीड-पावणेदोन तास लागले. असा केक कागदात गुंडाळून डब्यात ठेवला की दोन आठवडे छान राहतो, उलट मुरतो. बाजारच्या क्रीमच्या केकला ते जमत नाही, तो २४ तारखेलाच घ्यावा लागतो, त्या दिवशीच्या भावानं. फराळ आणि केक मिळून ६,३०० चे ४,१०० झाले.

मटणाला ५,२०० लागले होते, या वेळी ५,४००. भाव वाढला म्हणून खर्च वाढला. थोरल्यानं सुचवलं होतं की अर्धं चिकन करू. मी नको म्हटलं. वर्षातून एकदा सगळं घर एका पंगतीला बसतं, त्या पंगतीतच काटछाट झाली तर पुढच्या वर्षी बचतीचं नाव काढलं तरी घरात तोंडं वाकडी होतील. लोकांच्या डोळ्यांत भरेल अशी काटकसर फार काळ टिकत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

सजावटीचं थोडक्यात. चांदणी आणि माळा दिवाळीनंतर उतरलेल्या किमतीत घेतल्या, १,८०० चे ६०० झाले. चांदणीत पूर्वी ६० वॅटचा बल्ब असायचा. १ डिसेंबर ते ६ जानेवारी रात्रभर चालला तर सत्तावीसेक युनिट जातात. ९ वॅटचा एलईडी त्याच काळात चार युनिट घेतो. ज्यांचं बिल शंभर युनिटच्या उंबरठ्यावर असतं त्यांनी हे जरूर बघावं, कारण पुढच्या टप्प्यात युनिटचा दर दुपटीच्या घरात जातो. भेटवस्तू मोठ्यांनी एकमेकांना द्यायच्या नाहीत, फक्त मुलांना, असं दोघा भावांनी आपसांत ठरवलं. ३,००० चे १,५००. दान २,००० होतं, आजीनं ते २,५०० केलं. "कर्ज काढून दान देत होतो आपण इतकी वर्षं," ती म्हणाली, "आता स्वतःचं देऊ."

पैसा आला कुठून

ऑगस्ट २०२५ मध्ये शेवटचा हप्ता भरला आणि बांगड्या घरी आल्या. गटातून कर्ज शेवटी दिलंच नव्हतं. एक कर्ज फेडायला दुसरं नको, हे गटातल्या बायकांनीच ठरवलं, आणि जूनच्या शाळेच्या खर्चासाठी मात्र गटानं अल्प व्याजानं मदत केली. ऑगस्टनंतर महिन्याचे सव्वातीन हजार मोकळे होणार होते. मी एवढंच म्हटलं, की हप्ता संपला असं घरात जाहीरच करू नका. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, त्याच तारखेला तेवढीच रक्कम वहिनीच्या पडून असलेल्या जनधन खात्यात. ते खातं मोबाइलच्या पेमेंटला जोडायचं नाही, म्हणजे काढायला बँकेत जावं लागेल. सवय अंगवळणी पडलेली होतीच, भरण्याची दिशा तेवढी बदलली. तीन महिन्यांत ९,७५० जमले. दिवाळीचा बोनस, पुन्हा १०,५००, आला त्याच दिवशी थोरल्यानं तिथेच वळता केला. एप्रिलचे ७०० धरले आणि शिलाईतून १,८५० घातले, की २२,८०० पुरे होतात.

सणासाठी आधीपासून पैसा बांधून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल ट्रस्ट कंपनीनं १९०९ मध्ये नाताळसाठी वेगळं बचत खातं काढलं. वर्षभर थोडं थोडं भरायचं आणि सणाआधी एकरकमी घ्यायचं. पुढे तिथल्या पुष्कळ बँकांनी ती पद्धत उचलली. आपल्याकडची आवर्ती ठेव तेच काम करते, फक्त मुदत सणाआधी संपेल अशी बेतावी लागते.

वहिनीचं बघून गल्लीतल्या बाराजणींनी नाताळ भिशी लावायचं ठरवलं होतं, महिना हजार रुपयांची. मी विरोध केला आणि दोघी-तिघी नाराजही झाल्या. पण विचार करा: भिशी दर महिन्याला एकीला लागते. डिसेंबरात ती एकीलाच लागणार. जिला मार्चमध्ये लागली तिचे पैसे नाताळपर्यंत उरणार का? मग त्यांनी सुचवलं की सगळ्यांचे पैसे आपल्यातल्याच एकीच्या हाती ठेवू आणि डिसेंबरात वाटू. इथे तर जास्तच जपायला हवं. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी अशीच लोकांकडून वर्षभर नाताळचे पैसे गोळा करायची. ऑक्टोबर २००६ मध्ये, सण दोन महिन्यांवर असताना, ती बुडाली. लाखाहून जास्त कुटुंबांचे, बहुतेक हातावर पोट असलेल्यांचे, साडेतीन कोटी पौंडांहून जास्त अडकले आणि कित्येक वर्षांनी त्यातले निम्म्याच्या आसपास परत मिळाले. तो पैसा बँकेतली ठेव मानला जात नव्हता, म्हणून त्याला ठेवीचं संरक्षण नव्हतं. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही, पिग्मीला दारात रोज येणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. बुडालेल्या ठेवींसाठी बँकांच्या पायऱ्या झिजवणारी म्हातारी माणसं आपण डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून बाराजणींनी बारा आवर्ती ठेवी स्वतःच्या नावानं, बँकेतच उघडाव्यात, आणि महिन्यातून एकदा एकमेकींची पासबुकं बघावीत, असं ठरलं. सात जणींनी उघडल्या. बाकीच्या अजून विचार करताहेत.

एक गाठ सुटायची आहे. धाकट्याचा वाटा काय, हा प्रश्न या वेळीही बाजूलाच राहिला. बचत झाली ती थोरल्याच्या बोनसमधून आणि वहिनीच्या शिलाईतून, आणि वहिनीला ते मनातून टोचतं. आजीसमोर ती बोलणार नाही. मी दोघा भावांना एकत्र बसवून बोलणार आहे. पैशापेक्षा इचलकरंजीला जाण्यासारखी कामं जाऊबाईंनी अंगावर घेतली तर वहिनीचा भार जास्त हलका होईल, असं मला वाटतं.

यंदाचं वेळापत्रक बदलावं लागणार आहे. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे २५ ऑक्टोबरला पुण्याची तिकिटं खुली होतील तेव्हा बोनस आलेला नसेल, आणि दिवाळीनंतरची खरेदी व लग्नसराई एकमेकींवर चढतील. त्यासाठी वहिनीनं जानेवारीत १,४०० रुपयांची नऊ महिन्यांची आवर्ती ठेव सुरू केली आहे. ती ऑक्टोबरात हातात येईल आणि तिकिटं त्यातून निघतील. आजीचं, मुलीचं आणि स्वतःचं कापड ती या वेळी गणपतीनंतरच बेतून ठेवणार आहे. बेदाण्यासाठी तासगावला सात घरांची मागणी एकत्र कळवली आहे.